कामठा घडवताना



गेल्या पावसाळ्यात आपल्या एका हितचिंतकांचे पत्र आले. वसतिगृहातील मुले शनिवारी दुपारी तिरंदाजीचा सराव करतात हे त्यांनी मागच्या अंकात वाचले होते. मुलांसाठी फायबरची तयार धनुष्ये विकत घेऊन देण्याची इच्छा त्यांनी कळवली. आम्ही मनापासून आभार मानले आणि थोडे थांबण्याची विनंती केली. ती का केली हे सांगण्याचे मी तेव्हा कबूल केले होते. त्यासाठी हा लेख.

आमच्या मुलांपैकी बहुतेक वारली, काही कोकणा आहेत. धनुष्य त्यांना नवे नाही. आपण मराठीत तिरकामठा म्हणतो. त्यातला तीर म्हणजे बाण आणि कामठा म्हणजे धनुष्य. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या वारली चित्रांत कामठा ताणून उभा असलेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि मुलांनाही आम्ही ते स्पष्ट सांगतो. पण शिकार थांबली म्हणून कामठा टाकून द्यावा असे नाही. राजस्थानातील आदिवासी घरात जन्मलेले लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्यावर शिकले आणि पुढे १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. आजही आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ नावाचा तिरंदाजीचा एक प्रकार लाकूड-बांबूच्या धनुष्यानेच खेळला जातो. शास्त्रातही पाहा: १ शमुवेलच्या २० व्या अध्यायात योनाथान बाण सोडतो तो कोणाला मारण्यासाठी नाही, तर मित्राचा जीव वाचवणारा निरोप देण्यासाठी.

मसोलीच्या एका पाड्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणेन. त्यांचा नातू आमच्या वसतिगृहात सहावीत होता. बाबांच्या हातचे कामठे या भागात नावाजलेले. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत दर शनिवारी मी आणि पाच मुले त्यांच्या ओट्यावर बसून कामठा करायला शिकलो. बाबा मला गुरुजी म्हणतात आणि बोलतात मात्र एकेरीत. इकडची ती आपुलकीची रीत आहे.

लाकूड

कामठा बांबूचा होतो तसा लाकडाचाही होतो. बांबू घ्यायचा तर मानवेल चांगला, कारण तो जाड सालीचा आणि जवळजवळ भरीव असतो. लाकडात बाबांची पसंती धामणीला. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचिक असते, म्हणूनच कावडीच्या दांड्याला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला ते वापरतात. ओझ्याने वाकते आणि ओझे उतरले की परत सरळ होते. कामठ्याला एवढेच हवे असते.

यासाठी जंगलातले झाड तोडायची गरज नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा म्हणून हिवाळ्यात बांधावरच्या झाडांच्या फांद्या छाटतात. त्या छाटणीतूनच बाबा एखादी फांदी बाजूला काढतात. मनगटाहून जाड, सरळ, गाठी नसलेली आणि पीळ नसलेली. पीळ आहे की नाही हे सालीच्या रेषांवरून कळते. रेषा दोरासारखी सरळ गेली तर लाकूड सरळ फुटते. ती फांदीभोवती वळत गेली तर ती फांदी चुलीला.

फांदीच्या दोन्ही टोकांना शेण-माती लिंपतात. टोकांतून ओल भराभर उडते आणि लाकडाला भेगा पडतात, त्या पडू नयेत म्हणून. मग पाचर ठोकून फांदी उभी फोडायची आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवून द्यायची. आमच्या वाट्याला आलेले लाकूड दोन हिवाळ्यांपूर्वीचे होते. ओल्या लाकडाचा कामठा आज वाकतो आणि उद्या तसाच वाकडा राहतो. डहाणूची समुद्राकाठची हवा दमट, म्हणून इथे धुराचा माळा विशेष उपयोगी; धुराने किडाही लागत नाही.

पाठ आणि पोट

कामठ्याची जी बाजू नेमाकडे असते ती पाठ आणि जी आपल्याकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. हा फरक समजला की निम्मे काम समजले.

पाठीकडे सालीखालचा भाग ठेवायचा. साल हलक्या हाताने काढायची आणि त्याखालच्या लाकडाला हत्यार लावायचे नाही. तिथले तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. एक जरी तुटला तरी ताण आल्यावर तिथूनच कपची उठते. जे काही तासायचे ते पोटाकडून आणि कडांवरून. बांबूतही सालीकडेच तंतू सर्वांत दाट असतात.

आमचा कामठा बारा वर्षांच्या मुलापासून मोठ्या माणसापर्यंत कोणाचाही होऊ शकेल एवढे लाकूड होते. लांबीचा हिशोब सोपा आहे. बाण जितका मागे ओढायचा त्याच्या दुप्पट, आणि वर मुठीची एक वीत. मुलासाठी साधारण साडेचार फूट होते. मधोमध मूठ, तिच्या वर एक पाते आणि खाली एक पाते. सुतळी ताणून, कोळशाने मधली रेष मारून बाबांनी कोयत्याने आणि वाकसाने आकार काढला. कमरेच्या आकडीतला कोयता इथल्या माणसाच्या हातात पेन्सिलीसारखा फिरतो. पात्याची रुंदी मुठीकडून टोकाकडे कमी होत जाते, जाडीही तशीच.

जाडीबद्दल एक गोष्ट मुलांना मी फळ्यावर करून दाखवली. पाते दुप्पट रुंद केले तर त्याचा ताठपणा दुप्पट होतो, पण दुप्पट जाड केले तर आठपट होतो. उलट, जाडी दहातला एक भाग कमी झाली की ताठपणा चौथाईहून जास्त घटतो. म्हणून आकार आल्यावर कोयता खाली ठेवायचा आणि कानस व काचेचा तुकडा हातात घ्यायचा. काचेने खरवडताना कांद्याच्या सालीएवढा पापुद्रा निघतो. तेवढ्यानेही फरक पडतो.

वाक बघणे

खरे काम इथून सुरू होते. आधी कामठ्याचे टोक जमिनीवर टेकवून मूठ हलकेच दाबायची आणि पाते कुठे वाकते ते हाताला कळू द्यायचे. मग सैल, लांब दोरी लावून कामठा आडवा भिंतीवरच्या खुंटीवर टेकवायचा, दोरी खाली ओढायची आणि चार पावले मागे उभे राहून पाहायचे. जवळून वाक दिसत नाही. म्हणून एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने पाहायचे.

दोन्ही पाती सारखी वाकली पाहिजेत. वाक मुठीजवळून सुरू होऊन टोकापर्यंत वाटला गेला पाहिजे. जिथे पाते वाकत नाही, सरळ राहते, ती ताठ जागा. तिथे कोळशाने खूण करायची, पोटाकडून थोडे खरवडायचे आणि मग कामठा तीसएक वेळा हलका ओढून सोडायचा. लाकूड आपला बदल लगेच सांगत नाही. न ओढताच पुन्हा खरवडले तर हमखास जास्त निघते.

किती जोराने ओढायचे यालाही मर्यादा आहे. अंगणवाडीत बाळे तोलायला असतो तसा एक लटकता काटा आम्ही दोरीला अडकवला होता. कामठा जितक्या किलोचा करायचा, त्याहून जास्त जोर एकदाही लावायचा नाही. आणि दोष दिसला की तो दुरुस्त होईपर्यंत एक बोटही पुढे ओढायचे नाही. दोष दिसत असताना पुढे ओढणे म्हणजे सगळा भार त्या एका जागेवर टाकणे.

१९९१ साली आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते, आणि ते अर्धवट होते. तासल्याच्या खुणा त्यावर अजून दिसतात. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “लाकूड सुकायची वाट बघत असेल.”

माझी चूक

चौथ्या शनिवारी कामठा माझ्या हातात होता. वरच्या पात्याच्या मधोमध वाक एकाच जागी गोळा झाला होता, बिजागरीसारखा. मला वाटले तिथे लाकूड ओबडधोबड आहे, घासून सारखे करू. मी काच घेऊन तिथेच खरवडू लागलो. एक मुलगा दोरी ओढत होता. वाक आणखी तीव्र झाला. मी आणखी खरवडले.

बाबांचा नातू कोपऱ्यात बसून बाण सरळ करत होता. तो उठला आणि काही न बोलता त्याने कामठ्यावर हात ठेवला. त्यामागून बाबांचा आवाज आला, “गुरुजी, हात आवर. ती जागा आधीच दमली आहे. तिला हात लावू नको. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड आळशी बसले आहे, ते काढ.”

जी जागा जास्त वाकते ती मऊ जागा. तिथे दोष दिसतो, पण उपाय तिथे नसतो. लाकूड काढता येते, परत चिकटवता येत नाही. म्हणून मऊ जागेच्या वरचा आणि खालचा ताठ भाग थोडा थोडा खरवडून त्यांनाही वाकायला लावायचे. भार वाटला गेला की मऊ जागा सुटते.

मुलाने ते काम केले. मला दोन शनिवार काच हातात मिळाली नाही. कामठा वाचला, पण त्याची किंमत द्यावी लागली. ताठ भाग कमी केला की सगळा कामठा हलका होतो. मग खालचे पातेही वरच्याशी जुळवून हलके करावे लागते. आम्ही सोळा किलोचा कामठा धरून चाललो होतो. तो नऊ किलोचा झाला. मोठ्या माणसाचा कामठा मुलाचा झाला. दोष लवकर दिसला तर कमी लाकूड जाते, उशिरा दिसला तर जास्त.

इतर दोष आणि त्यांचे उपाय

एक पाते दुसऱ्यापेक्षा ताठ असेल तर ताठ पात्यावरून सर्वत्र सारखे खरवडायचे. मऊ पात्याला हात लावायचा नाही.

पाते कुशीवर वळत असेल आणि दोरी मुठीच्या मधून न जाता एका बाजूला पळत असेल, तर त्या पात्याची एक कड दुसरीपेक्षा कमकुवत आहे. पाते कमकुवत कडेकडे वळते. म्हणून बळकट कडेवरून, पोटाच्या बाजूने, थोडे काढायचे. लाकूड मुळातच किंचित वाकडे असेल तर त्या जागी तेल लावून निखाऱ्यावर धरायचे. हात लावला तर चटका बसेल इतके तापल्यावर हळूच उलट दाबायचे आणि गार होईपर्यंत दाबून धरायचे. त्यानंतर दोन-तीन दिवस कामठा ओढायचा नाही. तापवलेले लाकूड कोरडे पडते आणि ताण दिला तर मोडते.

गाठ आली तर ती कापून सपाट करू नये. गाठीभोवती थोडे जास्त लाकूड ठेवून तिला वळसा द्यावा.

पाठीवर बारीक कपची उठू लागली तर तिच्याखाली सरस भरून, घट्ट दोरा गुंडाळून ती बांधता येते. असा कामठा पुढे बरीच वर्षे चालतो.

कामठा दोरी काढल्यावरही वाकलेलाच राहिला तर लाकूड ओले होते किंवा त्यावर जास्त भार पडला. थोडा वाक राहिला तर चालतो. म्हणून काम झाले की दोरी उतरवून ठेवायची. बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडायची नाही. बाणात जायची शक्ती मग कामठ्यातच परत शिरते आणि तो फुटू शकतो. आमच्या मुलांना हा नियम पहिल्या दिवशी शिकवला जातो.

काही दोष दुरुस्त होत नाहीत. पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तिथले तंतू दाबाने चिरडले आहेत. त्या सुरकुत्या जात नाहीत. दोन्ही बाजूंचा भार हलका करून त्या वाढणार नाहीत एवढेच पाहता येते. पाठीवर आडवी चीर गेली तर कामठा संपला. बाबा असा कामठा वाया जाऊ देत नाहीत. त्याच्या खुंट्या करतात.

फसवे धनुष्य

होशेय ७:१६ आणि स्तोत्र ७८:५७ येथे देवापासून मागे फिरलेल्या लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे. अनेक वर्षे ते वचन मी वाचले, पण फसवे धनुष्य म्हणजे काय हे मला मसोलीच्या ओट्यावर कळले. ते मोडलेले नसते. चांगले दिसते. पण एक बाजू वाकते, दुसरी वाकत नाही, म्हणून बाण भलतीकडे जातो.

आता त्या मुलाबद्दल. त्याचे नाव मी देत नाही. त्याचे गणित कच्चे आहे आणि दोन वर्षे आम्ही त्याच्या गणितावरच घासत होतो. संध्याकाळी जादा तास, शनिवारी जादा तास. दोन वेळा तो न सांगता घरी निघून गेला. घरी वारली बोलणारे मूल, पुस्तक मराठीत, त्यात दिवाळीनंतर आई-वडील वीटभट्टीवर गेले की धाकट्या बहिणीला सांभाळायला तोच. भार कुठे गोळा होत होता हे आम्हाला दिसत होते आणि आम्ही तिथेच खरवडत होतो.

ताठ जागा आमच्याकडेही होत्या. मधेच गेलेल्या मुलाची खाट दुसऱ्याला द्यायची हा आमचा नियम त्यातला एक. आपल्या देणग्यांचा पैसा वाया जाऊ नये म्हणून तो केला होता आणि त्यामागचा हेतू चांगला होता. पण ज्याचे आई-वडील स्थलांतर करतात त्या मुलाला हा नियम जूनमध्ये परत येऊ देत नाही. समितीने या वर्षापासून तो सैल केला आहे. कुटुंबाबरोबर जावे लागलेल्या मुलाची खाट जूनपर्यंत राखून ठेवायची. शनिवारचा जादा तासही आम्ही बंद केला.

याचा परिणाम काय झाला ते मला सांगता येत नाही. दिवाळीनंतर तो आई-वडिलांबरोबर भट्टीवर गेला. जाण्यापूर्वी मात्र तो वसतिगृहात येऊन सांगून गेला. या आधी तसे कधी घडले नव्हते. भट्टीजवळच्या शाळेत बसता यावे म्हणून शाळेने त्याला शिक्षण हमी कार्ड दिले आहे. तो तिथे शाळेत बसतो की विटा उलटतो, हे आम्हाला अजून कळलेले नाही. नऊ किलोचा कामठा त्याचाच आहे. दोरी उतरवून तो बाबांच्या माळ्यावर ठेवला आहे.

आमच्या त्या हितचिंतकांना आता माझे उत्तर असे आहे. स्पर्धेत उतरण्याइतकी मुले तयार झाली की फायबरची धनुष्ये अवश्य लागतील आणि तेव्हा आम्ही आपल्याकडे हात पसरू. पण तयार धनुष्यात ताठ जागा शोधावी लागत नाही. आधी मुलांनी आणि आम्ही ते शिकावे असे वाटते. आज मदत हवी आहे ती साधी: लाकूड सुकवायला कौलारू पडवी, चार कानशी, दोन वाकस, एक लटकता काटा. आणि अहवालात जूनपर्यंत रिकाम्या खाटा दिसल्या तर त्या का रिकाम्या आहेत हे आता आपल्याला ठाऊक आहे.

प्रार्थनेसाठी

- भट्ट्यांवर गेलेल्या मुलांसाठी, आणि जूनमध्ये ती सुखरूप परत यावीत म्हणून.
- बाबांच्या डोळ्यांसाठी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची आहे. जवळचे त्यांना अंधुक दिसते. कामठ्याचा वाक मात्र अजून त्यांनाच आधी दिसतो.
- आम्हा सेवकांसाठी, की आमच्यातल्या ताठ जागा आम्हाला वेळेवर दिसाव्यात.